एसजीपीटी नॉर्मल आहे, मग रडतेस कशाला

परवा माझ्या लिव्हरचे सहा महिन्यांचे रिपोर्ट आले. एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढतं ते, २८, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला व्हायरस मोजता येईल इतकाही नाही, सोनोग्राफी स्वच्छ. नवऱ्याने सगळी पानं वाचली आणि म्हणाला चला, आज बाहेरच जेवू. आणि मी बाथरूमचा नळ सोडून दहा मिनिटं रडले. हे काही पहिल्यांदा झालं नाही, प्रत्येक वेळी होतं, रिपोर्ट चांगला असो की वाईट. यावेळी फरक एवढाच की बाहेर येऊन मी त्याला सांगितलं की मी आत्ता आत रडत होते. तो बिचारा गोंधळून म्हणाला, अगं सगळं नॉर्मल आहे, मग रडतेस कशाला? त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितेय, त्याच्यासाठी पण आणि अशा फाईली घेऊन फिरणाऱ्या बाकी लोकांसाठी पण.

मला हिपॅटायटिस बी आहे, लिव्हरमध्ये राहणारा व्हायरस, क्रॉनिक म्हणजे कायमचा. २०२१ मध्ये कळलं, ते पण दुसऱ्याच कारणाने. गर्भाशयात गाठी होत्या, ऑपरेशन ठरलं, त्याच्या आधीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी, म्हणजे या व्हायरसची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आलं. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, पण माझ्या फाईलवर लाल पेनाने मोठं मोठं लिहिलं, नंबर सगळ्यात शेवटी लावला आणि वॉर्डात सगळ्यांसमोर सिस्टरने मोठ्याने विचारलं, "आपको पता नहीं था?" शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी सकाळी मला आपल्या डब्यातलं थालीपीठ दिलं होतं, त्यांनी त्यानंतर माझ्याकडे पाठ केली ती डिस्चार्जपर्यंत. गाठी निघाल्या, टाके भरले, पण ती पाठ मला अजून दिसते.

मग सुरू झाली शोधाशोध, की हे आलं कुठून. लोकांच्या डोक्यात दोनच रस्ते असतात. लिव्हरचं काही म्हटलं की दारू, आणि बाईला दारू नसेल तर मग नको तो संशय. एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं नाही, नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. खरं काय ते पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं, की मोठ्या माणसाला हा व्हायरस लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं, शंभरात पाच जणांच्याही आतच तो कायमचा राहतो. पण जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात तो मुक्कामच ठोकतो. मग आईची तपासणी केली. आई पॉझिटिव्ह. वय ६८, आयुष्यात एकदाही कावीळ नाही, काही नाही.

आईने त्या दिवसापासून जेवणच कमी केलं. "माझ्यामुळे झालं तुला." किती वेळा सांगितलं तिला की अगं माझा जन्म १९७९ चा, या रोगाची जगातली पहिली लस मंजूर झाली १९८१ मध्ये, आणि आपल्या देशात सगळीकडच्या बाळांना सरकारी लसीकरणात ती मिळायला लागली थेट २०११ मध्ये. तू काय करणार होतीस? तिला आकडे पटतात, पण ती देवासमोर बसून बोटं मोजत बसते की कधी, कुठलं इंजेक्शन, कुठला दवाखाना. तेव्हा काचेची सिरिंज उकळून उकळून सगळ्या मोहल्ल्याला वापरायचे, कुठून आलं असेल ते आता ब्रह्मदेव पण सांगू शकणार नाही. म्हणजे बघा, व्हायरस एक आणि अपराधी वाटणारी माणसं दोन. तिला माझ्याबद्दल, आणि मला माझ्या मुलीबद्दल.

मुलीचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही. निगेटिव्ह आला, तिला लहानपणी सगळे डोस नीट दिलेले होते, अँटीबॉडी पण होत्या. नवरा पण निगेटिव्ह, त्याला लगेच तीन डोस दिले, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. सगळे वाचले. सगळे म्हणाले आता टेन्शन संपलं.

माझं तिथून सुरू झालं.

सुरुवातीला दोन वर्षं मला औषधच नव्हतं. व्हायरस शांत आहे, दर सहा महिन्यांनी बघत राहू, असं डॉक्टर म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटतं वा, गोळी पण नाही, किती छान. पण गोळी असली की माणसाला निदान वाटतं की मी काहीतरी करतेय. इथे नुसती वाट बघायची, आणि कशाची तर लिव्हर कधी बिघडतं त्याची. मी रात्री दोन वाजता उठून मोबाईलच्या उजेडात आरशात डोळे बघायचे, पिवळे झाले का. उजव्या बरगडीखाली दाबून बघायचे, इतकं दाबायचे की दुखायचंच, मग दुखतंय म्हणून घाबरायचे. सिरोसिस म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, कॅन्सर, किती वर्षं, हे सगळं गुगलवर टाकायचे आणि पहाटे मंदिराची घंटा ऐकू आली की डोळा लागायचा. रिपोर्टच्या आधीचे आठ दिवस तर घरात कोणी माझ्याशी बोलायचंच नाही.

आणि घरातल्या घरात मी स्वतःला वाळीत टाकलं, हे मला आता कळतंय. कोणी सांगितलं नव्हतं. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा, साबण वेगळा. मुलीची पापी घेणं बंद केलं. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, जाऊबाई आणि मी मिळून पुरण घालतो, त्या वर्षी मी हात दुखतोय म्हणून सांगितलं आणि लांब पाटावर बसून राहिले. हा व्हायरस पसरतो रक्तातून, शारीरिक संबंधातून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने नाही, मिठी मारल्याने नाही, स्वयंपाकाने तर अजिबात नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं, जखम झाकायची, बस इतकंच. हे मला माहीत होतं, पाठ होतं. तरी पुरणाच्या पातेल्याला हात लावताना हात थरथरायचा. माहिती डोक्यात असते आणि भीती हातात, असं काहीतरी झालं होतं. जाऊबाईंना काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं मी रुसले, वर्षभर आमचं बोलणं तुटक होतं.

कारण घरात ठरलं होतं ना, की बाहेर कोणाला सांगायचं नाही. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी काळजीनेच सांगितलं, मुलीचं लग्न व्हायचंय, इंदूरच्या या आपल्या रामबागेत सगळे एकमेकांना ओळखतात. पण चोवीस तास काहीतरी लपवून ठेवायचं म्हणजे काय असतं ते लपवणाऱ्यालाच कळतं. दातांच्या डॉक्टरकडे जाताना पोटात गोळा. भिशीत कोणी रक्तदान शिबिराचं बोललं की उठून पाणी प्यायला जायचं. भारतात हिपॅटायटिस बी असलेले जवळपास ३ कोटी लोक आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि सी असलेले अजून ५५ लाख. म्हणजे माझ्या ओळखीत कोणीतरी असणारच ना हो? पण मला एकही माणूस माहीत नव्हता. ते पण कुठेतरी पाणी प्यायला उठत असतील.

एकही नाही असं म्हटलं, पण एक होता. माझा मामा.

मामाबद्दल लिहायला मी त्याला विचारलंय, तो म्हणाला बिनधास्त लिही. मामाचा १९९३ मध्ये एबी रोडवर स्कूटरचा अपघात झाला, तीन बाटल्या रक्त चढवलं, जीव वाचला. हिपॅटायटिस सी चा व्हायरस शोधूनच काढला होता १९८९ मध्ये, रक्तपेढीत त्याची तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती बऱ्याच वर्षांनी. त्या तीन बाटल्यांतून मामाला सी मिळाला आणि ते कळलं २००९ मध्ये. तेव्हा त्याच्यावर उपाय म्हणजे पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन, आठवड्यातून एक, पोटावर, आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. मामाचा जीनोटाईप ३ होता म्हणून २४ आठवडे, दुसऱ्या काही प्रकारांना तर ४८ लागायचे. एकेक इंजेक्शन हजारोंचं. मामाने उज्जैन रोडचा प्लॉट विकला.

आता हा मामा कोण, तर आमच्या लहानपणी अनंत चतुर्दशीच्या रात्री मला खांद्यावर बसवून मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, दाखवणारा मामा. रात्रभर. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल, सगळ्यांच्या झांक्या बघायच्या आणि पहाटे राजवाड्याजवळ पोहे-जिलबी. गणपतीत तबला वाजवायचा, आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. आणि २०१० मध्ये तोच मामा शनिवारी रात्री इंजेक्शन घ्यायचा, रविवारी तापाने कुडकुडायचा आणि सोमवारपासून कोणाशी बोलायचा नाही. तबल्यावर चादर टाकून ठेवली. टीव्हीवर साधी जाहिरात बघून डोळ्यांतून पाणी. दिवाळीत आम्ही गेलो, माझी मुलगी पाच वर्षांची, ती स्टीलच्या डब्यावर चमच्याने वाजवत होती, आणि मामाने तो डबा हिसकावून भिंतीवर फेकला. सगळं घर गप्प. मुलगी माझ्या साडीत तोंड लपवून थरथरत होती. मामी रडायला लागली, मामा आत जाऊन दार लावून बसला.

आम्ही सगळ्यांनी काय म्हटलं? मामाचं डोकं फिरलंय. पैशाचं टेन्शन आहे. प्लॉट गेला म्हणून चिडलाय. मामी थोडे दिवस देवासला माहेरी जाऊन राहिली. आणि मी, मी दोन वर्षं त्या घरी गेले नाही. राखी-भाऊबीजेला आई एकटी जायची.

इंटरफेरॉनने डिप्रेशन येतं हे तेव्हा डॉक्टरी जगात सगळ्यांना माहीत होतं, साधारण चारातल्या एका पेशंटला. मला ते कळलं २०२३ मध्ये, म्हणजे डबा भिंतीवर आपटल्यानंतर तेरा वर्षांनी, रात्री दोन वाजता माझ्याच रोगाबद्दल वाचताना. इंटरफेरॉन मुळात आपल्या शरीरातच तयार होतं, जंतू आत शिरला की पेशी एकमेकींना जी हाकाटी देतात ना, ती. फ्लू झाला की आपण पांघरूण ओढून कोपऱ्यात पडतो, नको ते जेवण, नको ती माणसं, ते पण शरीर याच हाकाटीवर करायला लावतं. आता हीच हाकाटी बाहेरून सुईने सहा महिने सतत दिली तर माणसाचं काय होईल? सेरोटोनिन ज्या कच्च्या मालापासून बनतं तो ट्रिप्टोफॅन पण अशा वेळी दुसरीकडेच वळवला जातो. मामाचं डोकं फिरलं नव्हतं. औषधाचा परिणाम होता तो, आणि त्याच्यावर पण औषध होतं, फक्त कोणी विचारलं नाही. मामाला इतकंच सांगितलं होतं, "थोडी चिडचिड होगी." थोडी.

मी त्या रात्री मोबाईल बंद करून अंधारात बसून राहिले, आणि पहिल्यांदा स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी रडले.

मला मात्र कोणीतरी विचारलं. २०२३ मध्येच माझा व्हायरल लोड वाढला, एसजीपीटी पण वर गेला, टेनोफोव्हिर सुरू झाली, रोज एक गोळी, मनाने बंद करायची नाही कारण अचानक सोडली तर व्हायरस जोरात उसळतो. तिसऱ्या भेटीला मोठे डॉक्टर रजेवर होते, एक नवीन मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "और नींद कैसी है, आंटी?" मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही, रडूच फुटलं. बाहेर तीस पेशंट, तरी तिने घाई केली नाही. एक कागद दिला, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, कशात मन लागत नाही, झोप नाही, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, जगू नये असं वाटणं. माझे मार्क आले १६. तिने सांगितलं हे मध्यमपेक्षा वरचं आहे, हे मनाचे खेळ नाहीत, सायकियाट्रिस्टकडे चिठ्ठी देते.

एक गोष्ट तिने तेव्हाच सांगितली ती इथे लिहिते कारण फार महत्त्वाची आहे. लिव्हरच्या पेशंटचं प्रत्येक बदललेलं वागणं म्हणजे डिप्रेशन नसतं. सिरोसिसपर्यंत पोचलेल्या माणसाचं लिव्हर रक्तातला अमोनिया वगैरे साफ करू शकत नाही आणि ते मेंदूवर येतं, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, विसरतो, असंबद्ध बोलतो, हात फडफडतात. वेटिंगमध्ये मला एक काकू भेटल्या होत्या, त्यांच्या यजमानांना घरचे महिनाभर "डिप्रेशन आहे, सोडा, होईल बरं" म्हणत होते आणि निघालं हे. लॅक्टुलोजचं सिरप आणि बाकी उपचार झाल्यावर चार दिवसांत माणूस नावं ओळखायला लागला. तर असं काही दिसलं तर मनाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, आधी लिव्हरवाल्यांकडे पळा, त्याच दिवशी.

सायकियाट्रिस्टकडे जायला मला अजून दीड महिना लागला, तेवढं लिहिण्यासारखं नाही, तीच ती लाज. त्यांनी लिव्हरची सगळी फाईल मागून घेतली, कारण मनाची औषधं पण बरीचशी लिव्हरमधूनच जातात, काही लिव्हरच्या पेशंटला देतच नाहीत, काहींचा डोस कमी ठेवतात. म्हणून मैत्रिणीची झोपेची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेलं काहीतरी, किंवा कोणी सांगितला म्हणून काढा, हे प्लीज करू नका. मला एस्सिटालोप्रामचा छोटा डोस दिला. पहिले दोन आठवडे काही नाही, उलट मळमळ, मी सोडायच्या बेतात होते. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी रात्री उठलेच नाही. सोबत एका काउन्सेलरकडे पण जायचे, त्यांनी मला रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा काळजी करायला ठरवून दिलं, बाकी वेळेला विचार आला तर वहीत लिहायचा आणि सहा वाजता काढायचा. सहा वाजता वही उघडली की अर्ध्या गोष्टी शिळ्या झालेल्या असायच्या.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, खूप मोठी गोष्ट आहे, मामाला प्लॉट विकावा लागला होता. मन फार खाली गेलं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, तो पण फुकट, चोवीस तास, मी एकदा रात्री लावलाय आणि पलीकडच्या बाई वीस मिनिटं बोलल्या. पण माझ्या जाड फाईलमध्ये त्या एका नऊ प्रश्नांच्या कागदाशिवाय मनाबद्दल एक ओळ नाही. एसजीपीटीची चौदा पानं आहेत. तपासणीचं रक्त घेतात तेव्हाच हा कागद पण भरून घेतला तर किती वेळ जातो? पाच मिनिटं पण नाही. मला दोन वर्षं आधी कोणी दिला असता तर त्या महालक्ष्म्यांना मी पुरण घातलं असतं.

मामाकडे मी मागच्या वर्षी गेले. त्याचं ते इंजेक्शन संपलं तेव्हा व्हायरस गेला होता आणि सहा महिन्यांत परत आला होता, मग २०१६ मध्ये नवीन गोळ्या मिळाल्या, सोफोस्बुव्हिर आणि डाक्लाटासव्हिर, १२ आठवडे, ना ताप ना कुडकुडणं, आणि कायमचा बरा झाला. या गोळ्यांनी सी चे शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात. बी वाल्यांसाठी असं काही अजून नाही, आमची गोळी व्हायरसला दाबून ठेवते, घालवत नाही. असो. मी मामाला म्हटलं मामा, मला बी आहे, आणि मी तुझ्याकडे दोन वर्षं आले नाही त्याबद्दल मला बोलायचंय. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तो डबा मला अजून स्वप्नात दिसतो गं. मला कळत होतं की मी फेकतोय, पण हात माझा नव्हता." आणि मग म्हणाला की त्या सहा महिन्यांत रोज सकाळी त्याला वाटायचं आपण नसलो तर बरं. मामीला हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि पंधरा वर्षांत मी त्यांना असं जवळ बसलेलं बघितलं नव्हतं.

जाऊबाईंना मी या मे महिन्यात सांगितलं. त्या आधी गप्प बसल्या, मग रागावल्या, की एवढं वर्षभर मला वाटत होतं माझंच काही चुकलं. महालक्ष्म्यांना पुरण मी घालायचं असं त्यांनीच ठरवून टाकलंय.

तर नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. रिपोर्ट चांगला आला की सहा महिने धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटतं, म्हणून रडते. आणि पुढचे सहा महिने आजपासून सुरू झाले, म्हणून पण.

मामा आता दर एक तारखेला फोन करतो. रिपोर्टचं विचारत नाही, झोप लागते का तेवढं विचारतो. काल म्हटलं, नाही रे, तीनदा उठले. तर म्हणाला उद्या सकाळी सातला ये, पोहे खाऊ, जीरावन मसाला जास्त टाकायला सांगतो. मुलीला पण आण. ती आता वीस वर्षांची आहे, तिला तो डबा आठवतो का मला माहीत नाही, कधी विचारलं नाही. आम्ही दोघी जाणार आहोत, अलार्म लावलाय सहाचा.